प्रतिसाद: पावसाचा दिवस वाया जात नाही

पावसाचा दिवस म्हणजे क्रूझचे पैसे पाण्यात, असं वर कुणीतरी लिहिलंय. भर समुद्रात असाल तर एक वेळ मान्य. नदीवर मात्र दोन्ही काठ सतत सोबतीला असतात, खिडकीतूनही भरपूर दिसतं. जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीचा कोब्लेन्झ ते रुडेसहाइम हा किल्ल्यांचा टप्पा तर ढग खाली उतरल्यावरच जास्त खुलतो (फोटोवाले भांडतील, भांडू देत).

त्या दिवशी वाटेत लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा, दोन्ही टोकांना दारं असलेला हौद) असेल तर अजिबात चुकवू नका. जर्मनीतल्याच मेन-डॅन्यूब कालव्यावर 171 किमीमध्ये असे 16 लॉक आहेत. लॉकची रुंदी 12 मीटर आणि मोठ्या बोटी साधारण 11.4 मीटरच्या, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम फूटभर जागा. खालच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये शेवाळलेली ओली भिंत काचेला टेकल्यासारखी दिसते आणि बोट वर चढते तशी हळूहळू खाली सरकत जाते.

खरी काळजी एका दिवसाच्या सरींची नाहीच, नदीच्या वरच्या भागात सलग कोसळणाऱ्या पावसाची आहे. पाणी चढलं की पुलाखालची जागा कमी होते. व्हीलहाउस (बोट चालवायची केबिन) खाली घेतात, सन डेकचे, म्हणजे वरच्या उघड्या गच्चीचे, कठडे आडवे पाडतात, तरी एका मर्यादेनंतर बोट थांबतेच. मग पुढचा प्रवास बहुधा बसने. बुकिंग करतानाच त्याच्या अटी वाचून ठेवा.

बाकी, छत्रीपेक्षा टोपीवाला रेनकोट बरा. आणि पुढच्या लाउंजमधली खिडकी नाश्ता उरकल्या उरकल्या धरा, नंतर मिळत नाही.