हप्ता जमतो हो, डाऊन पेमेंटचं काय? सरकारने तिथे हात द्यावा की नको

सातपूरकर:
दोघांचं मिळून महिन्याला साठ-पासष्ट हजार येतात, नाशिकला पाथर्डी फाट्याला 32 लाखाचा फ्लॅट बघितला. बँक 90 टक्के देते, म्हणजे 3 लाख 20 हजार आपले, पण स्टॅम्प ड्युटी बँक त्यात धरतच नाही, मग रजिस्ट्रेशनचे 30,000, बांधकाम चालू म्हणून 1 टक्का जीएसटी, पार्किंग, मीटर, असं करत करत सहा लाखाच्या पुढे जातं. आता गंमत बघा, पंतप्रधान आवास योजना (शहरी) 2.0 मध्ये व्याजावर 1 लाख 80 हजारापर्यंत सबसिडी आहे पण कर्ज 25 लाखाच्या आत पाहिजे. म्हणजे या फ्लॅटला सबसिडी हवी तर मी आधी 7 लाख स्वतःचे भरायचे, वर स्टॅम्प ड्युटी वेगळी! ज्याच्याकडे एवढे पैसे आहेत त्याला मदत आणि ज्याच्याकडे नाहीत तो भाड्याने. आणि ती सबसिडी पण वर्षाला एक असे पाच हप्ते. माझं म्हणणं, हीच रक्कम पहिलं घर घेणाऱ्याला रजिस्ट्रीच्या दिवशी द्या ना.

गंगापूर रोडवाला:
अजिबात नको. सरकारने दोन लाख दिले की दुसऱ्या दिवशी बिल्डर रेट दोन लाखाने वाढवणार, पैसा तुमच्या खिशात नुसता येऊन जाणार. आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका, ज्याला पाच वर्षांत सहा लाख साठत नाहीत त्याने वीस वर्षांचा हप्ता गळ्यात घालूच नये.

सातपूरकर:
सात वर्षं 11,000 भाडं भरतोय, एकदा पण चुकलं नाही. सव्वानऊ लाख घरमालकाला गेले. ही शिस्त नाही तर काय आहे?

आडगाव नाका:
@गंगापूर रोडवाला तुमच्या डाऊन पेमेंटला वडिलांनी किती दिले ते पण सांगा की 😄

गंगापूर रोडवाला:
दिले, गावची अर्धा एकर विकून. म्हणूनच बोलतोय, फुकटचे नव्हते ते.

नाशिकरोडची ताई:
मदत नसली की माणूस काय करतो ते सांगते. आमच्या नात्यातल्या एकाला बिल्डर म्हणाला झिरो डाऊन पेमेंट, 26 लाखाचा फ्लॅट करारात 29 चा दाखवला, बँकेच्या 90 टक्के कर्जात सगळं बसलं, हे खूश. स्टॅम्प ड्युटी पण 29 वर भरली. तीन वर्षांनी नोकरी गेली, विकायला काढला तर 25 च्या वर कोणी बोलेना आणि कर्ज अजून 24 च्या पुढे. भिशी, सोनं सगळं गेलं. सरकारी मदत असती तर असल्या भानगडीत पडले नसते.

गंगापूर रोडवाला:
ताई, ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे. स्वतःचा रुपया न घालता घर घेतलं की असंच होतं.

नाशिकरोडची ताई:
रुपया नव्हता म्हणून फसवणूक झाली, दोन्ही बाजूंनी वाचता येतं.

म्हसरूळचा मास्तर:
दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. रोख वाटली तर रेट वाढणार हे मला पण पटतं, कारण घरं तेवढीच आणि गिऱ्हाईक वाढतं. त्यापेक्षा म्हाडाची 20 टक्केवाली घरं बघा, 4000 चौरस मीटरच्या पुढच्या प्लॉटवर बिल्डरला काही घरं म्हाडाच्या लॉटरीला द्यावीच लागतात, तिथे किंमतच कमी म्हणून डाऊन पेमेंट पण कमी. @सातपूरकर अजून एक, फ्लॅट एकट्या वहिनींच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटी 1 टक्का कमी लागते, 32 लाखावर 32 हजार झाले.

सातपूरकर:
लॉटरीत दोनदा नंबर नाही लागला सर. बायकोच्या नावाचं मात्र आजच घरी सांगतो, सासूबाई खूश होतील, आई नाही 😅 पण मुद्दा तोच राहतो, दर वाढतो म्हणता ना, मग मदत फक्त रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावापर्यंतच्या घरालाच द्या, बिल्डरला वाढवायला जागाच उरत नाही.

गंगापूर रोडवाला:
आणि वरची रक्कम रोखीत घेईल तो. नाशिकमध्ये राहता ना तुम्ही?

आडगाव नाका:
हे मात्र खरंय 😂