पोलस्टार १ 'नुसती शोपीस' होती? मला नाही पटत

चौथा_गिअर

काल दुसऱ्या धाग्यावर एका सदस्यांनी लिहिलं: "पोलस्टार १ म्हणजे दीड लाख युरोची शोपीस. व्होल्वोचं चार सिलिंडरचं इंजिन, हत्तीचं वजन, आणि खपल्या किती, तर १५००. हिला ग्रँड टूरर म्हणू नका." तिथे दोन ओळी लिहिल्या, पण समाधान झालं नाही. म्हणून हा वेगळा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोलस्टार १ ही व्होल्वोच्या भावंड कंपनीची प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलवर आणि प्लग लावून चार्ज केलेल्या बॅटरीवरही चालणारी गाडी. आणि ग्रँड टूरर म्हणजे लांबच्या प्रवासाची वेगवान, आरामशीर गाडी.

आधी त्या १५०० चं. खपल्या नाहीत म्हणून आकडा तिथे अडकला असं नाही, ठरवल्याच तेवढ्या होत्या. वर्षाला ५००, तीन वर्षं. चीनमधल्या चेंगडूच्या कारखान्यात २०१९ ला सुरू, २०२१ च्या शेवटी बंद. बॉडी कार्बन फायबरची. त्यामुळे २३० किलो वाचले आणि ढाचा पिळवटण्याला विरोध ४५ टक्क्यांनी वाढला, असं कंपनीनेच सांगितलंय. अशी बॉडी काही पत्रा ठोकून रोज शंभर निघत नाही.

आता इंजिन. दोन लिटर, टर्बो आणि सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे) दोन्ही, आणि ते फिरवतं फक्त पुढची चाकं. मागे प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. इंजिनाचा जोर पुढून मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपशाफ्टच नाही, त्याच्या जागी मधल्या बोगद्यात बॅटरी. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त जोर द्यायचा तर आतल्या चाकाचा ब्रेक दाबावा लागत नाही, मोटरच ते करते. सगळं मिळून ६०९ अश्वशक्ती आणि १००० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर. यात 'चार सिलिंडर' एवढंच ज्याला दिसलं, त्याने गाडीचा पुढचा निम्माच भाग पाहिला.

बॅटरी ३४ किलोवॅट-तासांची. त्या काळातल्या बहुतेक प्लग-इन हायब्रिडमध्ये याच्या निम्मीसुद्धा नसायची. युरोपीय चाचणीप्रमाणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास नुसत्या विजेवर. रोजची ये-जा आवाज न करता, आणि सुट्टीत हजार किलोमीटर पेट्रोलवर. ग्रँड टूररकडून आणखी काय हवं?

लोहारकाम

डिकी हवी.

दीडशे लिटरसुद्धा जागा नाही तिथे. का, तर मागच्या सीटच्या पाठीशीही बॅटरी कोंबली आहे. वर त्या नारिंगी केबल काचेआड मांडून ठेवल्यात, देव्हाऱ्यासारख्या. ग्रँड टूरर म्हणजे दोघांचं आठवड्याचं सामान टाकून निघायची गाडी. इथे दोन बॅगा ठेवल्या की तिसरी मांडीवर.

आणि वजन २३५० किलो. कार्बन फायबरने २३० किलो वाचवले हे कौतुकाने सांगताय, पण ते वाचवायची वेळ कशाने आली? एकाच गाडीत दोन गाड्यांची यंत्रणा भरली म्हणून. आधी कर्ज काढायचं आणि मग हप्ता भरल्याचे पेढे वाटायचे, असला हा प्रकार आहे.

रानवारा

मी बसलोय या गाडीत. गॉथेनबर्गला कामानिमित्त होतो तेव्हा ओळखीतल्या एकाने फिरवून आणलं. पुढे बसलात तर लोहारकाम यांचं एकही वाक्य आठवणार नाही. पहिली पंधरा मिनिटं इंजिन सुरूच झालं नाही. मग महामार्गावर चढताना त्याने पाय दाबला आणि मी बोलत होतो ते वाक्य अर्धंच राहिलं.

येताना हौसेने मागे बसलो. डोकं काचेला. मागची सीट जॅकेट ठेवायला आहे असं समजा. थोडक्यात, डिकी लहान असली तरी मागची सीट आहेच की.

मोगरी

हायब्रिडचं हे 'रोजचं विजेवर' ऐकून माझं डोकं फिरतं, त्यामुळे विषय थोडा वळवते.

माझ्या नवऱ्याला ऑफिसकडून प्लग-इन हायब्रिड मिळाली होती. करात सवलत, म्हणून ऑफिसने घेतलेली. तीन वर्षांनी परत करताना चार्जिंगची केबल डिकीत, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठसुद्धा न सोडलेली. पेट्रोलचं बिल ऑफिस भरायचं, विजेचं आम्ही. मग कोण लावणार प्लग? तीन वर्षं बॅटरीचं ओझं वाहत पेट्रोल जाळलं, आणि कागदावर ती 'स्वच्छ' गाडी. मला त्या गाडीची लाज वाटायची.

हा फक्त आमच्या घरचा किस्सा नाही. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांच्या आतल्या मीटरचे आकडे तपासले. प्लग-इन हायब्रिडचा प्रत्यक्षातला कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघाला. साडेतीनपट!

चौथा_गिअर

मोगरी, तुमच्या ऑफिसच्या गाडीचा पोलस्टार १ शी काय संबंध? दीड लाख युरो खिशातून घालणारा माणूस केबल पिशवीत ठेवेल? सवलतीसाठी घेतलेली गाडी आणि हौसेने घेतलेली गाडी यांना एका तागडीत कशाला तोलता?

मोगरी

संबंध तुम्हीच जोडलात. 'रोजची ये-जा विजेवर' हे वाक्य कोणाचं? श्रीमंत माणूस प्लग लावतोच असं कशावरून? पेट्रोलच्या बिलाची फिकीर तर त्याला आमच्याहून कमी.

रानवारा

ज्यांच्याबरोबर मी फिरलो ते रोज रात्री लावायचे. इंजिन सुरू झालेलं त्यांना आवडायचं नाही, एवढंच कारण.

मोगरी

एक माणूस.

रानवारा

तुमचा नवराही एकच.

लोहारकाम

भांडा, पण मुद्द्यावर. प्लग लावला नाही तर गाडीचं काय होतं ते बघा. बॅटरी तळाला गेली की त्या दोन मागच्या मोटरांना वीज कुठून येणार? इंजिनला जोडलेल्या जनरेटरकडून. म्हणजे दोन लिटरचं बिचारं इंजिन पुढची चाकंही ओढणार आणि मागच्यांसाठी वीजही काढणार. केबल पिशवीत राहिली तर ही गाडी म्हणजे पुढच्या चाकांवर चालणारी सव्वादोन टनांहून जड व्होल्वो. मोगरी यांचा मुद्दा अवांतर नाही, तोच मुख्य आहे. ही गाडी मालकाच्या शिस्तीवर उभी आहे.

आणि सव्वाशेही सोडा. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत ५२ मैल निघाले, म्हणजे ८४ किलोमीटर.

चौथा_गिअर

८४ मान्य. मी युरोपीय आकडा दिला, अमेरिकन चाचणी जास्त कडक आहे हे लिहायला हवं होतं. तरीही रोजच्या ये-जेला ८४ पुरतात.

पण लोहारकाम, वजनाबद्दल तुम्ही आता बेंटलीलाही हेच सुनावणार का? कॉन्टिनेंटल जीटीने २०२४ मध्ये बारा सिलिंडरचं इंजिन सोडून व्ही८ हायब्रिड आणलं. ७८२ अश्वशक्ती, टॉर्क तोच १००० न्यूटन मीटर, बॅटरी २५.९ किलोवॅट-तास, विजेवर ८१ किलोमीटर, वजन २४५९ किलो. पोलस्टारपेक्षा शंभर किलोने जास्त, बॅटरी लहान. ज्या गाडीला सगळे ग्रँड टूरर म्हणतात तीच पाच वर्षांनी या वाटेला आली. मग वाट चुकीची होती की लवकर धरली होती?

लोहारकाम

बेंटलीच्या बॉनेटखाली आठ सिलिंडर आहेत, बॅटरी संपल्यावरही ती बेंटलीच राहते. माझा सगळा आक्षेप तिथेच आहे. लांबच्या प्रवासाचं सुख इंजिनाच्या सहजतेत असतं. तुमच्या दोन लिटरला तिथे घाम फुटतो.

वजनाचं मात्र मागे घेतो. बेंटलीला माफ आणि पोलस्टारला फाशी हा न्याय नाही.

घाटमाथा

कोणी शॉकॲबबद्दल बोललंच नाही! ओहलिन्स कंपनीचे, कडक-मऊ हाताने फिरवून करायचे. बॉनेट उघडा, वरची खुंटी फिरवा, क्लिक मोजा. २२ क्लिक. इतक्या इलेक्ट्रॉनिक गाडीत सस्पेन्शनला बटण नाही, हे कोणीतरी हट्टाने ठरवलं असणार. माझ्यासाठी गाडी तिथेच जिंकली.

लोहारकाम

आणि मागचे? पुढच्यांसारखे उभ्या उभ्या नाही हो फिरवता येत. दीड लाख युरो देऊन चाकाच्या खोबणीत हात घालायचा? तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली मी, हौस म्हणून हे कोणी विकत घेईल यावर माझा विश्वास नाही.

घाटमाथा

मी घेईन. तुम्ही तीस वर्षं पोटासाठी केलंत, मला रविवारी सकाळी करायचंय. दोघांच्या हाताला ग्रीस तेच लागतं.

मोगरी

चौथा_गिअर, तुमच्या पहिल्या लेखात 'रोजची ये-जा' च्या पुढे 'रोज रात्री प्लग लावला तर' एवढं घाला, मग माझं काही म्हणणं नाही. गाडी देखणी आहे, हे मी नाकारलंच नव्हतं.

चौथा_गिअर

घातलं असं समजा, लेख आता बदलता येत नाही. लोहारकाम, दोन लिटरला घाम फुटतो हे तुम्ही चालवून सांगताय की वाचून?

लोहारकाम

नाही चालवली. तेच इंजिन असलेल्या व्होल्व्हो उघडल्यात, बऱ्याच.

रानवारा

त्या दिवशी परतीला बॅटरी संपली होती. इंजिनाचा आवाज येत होता, तक्रार करण्याइतका नाही. पण जातानाची ती शांतता गेली होती, हे खरं.