केचप मूळचं माशाचं होतं हे खरं का? आणि बाटलीवरचे नंबर कसले?

देवगडची_सून
श्रावण सुरू झाला आणि सासूबाईंना व्हॉट्सॲपवर कोणीतरी पाठवलंय की केचप म्हणजे मूळचं माशाचं पाणी, झालं, बाटली फ्रीजमधून बाहेर आणि इकडे पोरं थालीपिठाबरोबर केचप मागतायत. खरंय का हे? आणि मागे 260, 211, 415, 1422 असले नंबर आहेत, त्यात काही मांसाहारी असतं का?

खाडीकाठचा
ताई, इतिहास खरा आहे पण आजच्या टोमॅटो केचपात मासा नसतो. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यावर मासे मिठात आंबवून त्याचं सुटलेलं पाणी चवीला वापरायचे. खारवलेल्या बांगड्याच्या बरणीत तळाला जे खारं पाणी साचतं ना, जवळपास तीच जात. इंग्रज व्यापाऱ्यांना ते आवडलं, मग इंग्लंडात अळंबी, अक्रोड, अँकोव्ही मासे असलं काय काय घालून केचप व्हायला लागलं, टोमॅटोचा पत्ताच नव्हता. टोमॅटोवाली छापील रेसिपी येते 1812 मध्ये, फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ नावाच्या डॉक्टरची.

रातांबा
नंबरांचं मी सांगते, आमचं कोकमाच्या आगळ-सरबताचं घरगुती काम आहे त्यामुळे लेबलं वाचायची सवय लागलीय. 260 म्हणजे ॲसेटिक ॲसिड, व्हिनेगरमधलं आंबट ते हेच. 211 सोडियम बेंझोएट, टिकण्यासाठी. 1422 म्हणजे प्रक्रिया केलेला स्टार्च. 415 झँथन गम, तो साखरेवर बॅक्टेरिया वाढवून करतात, बाटली उलटी धरली तरी केचप अडून बसतं आणि हलवलं की भसकन येतं त्यात ह्याचाही हात असतो. चारही शाकाहारी. हिरवा ठिपका बघा आणि सासूबाईंनापण दाखवा.

बेंझोएटवरून अमेरिकेत मोठं भांडण झालं होतं. 1906 मध्ये तिकडे अन्नभेसळीविरुद्ध कायदा आला, हार्वे वायली म्हणून सरकारी केमिस्ट होते ते बेंझोएटच्या कडक विरोधात, आणि 1876 पासून केचप विकणाऱ्या हाइन्झने बेंझोएट काढून चांगले पिकलेले टोमॅटो, जास्त व्हिनेगर आणि जास्त साखर घालून ते टिकवून दाखवलं. केचप एवढं गोड लागतं ते त्यामुळे. मला ह्या सगळ्यात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की माशाच्या वेळी टिकवायचं काम मीठ करायचं आणि आता साखर आणि आंबट करतं. आपला आगळ अजून मिठावरच उभा आहे, रातांबे (कोकमाची फळं) फोडून मीठ घातलं की रस सुटतो आणि न उकळता बरणीत वर्षभर राहतो. आणि हो, लेबलवर जे जास्त असतं ते आधी लिहितात, साखर टोमॅटोच्या आधी असेल तर ती बाटली घेऊ नका.

मालवणी_तिखट
माका विचारशात तर घरीच करा. टोमॅटो शिजवून गाळायचे, गर आटवताना दालचिनी लवंग मिरीची पुरचुंडी आत सोडायची (श्रावण आहे तर कांदा-लसूण नको), साखर थोडी सुरुवातीला आणि बाकीची नंतर, रंग चांगला राहतो. व्हिनेगर अगदी शेवटी, नाहीतर वाफेबरोबर उडून जातं. झालं की नाही बघायला बशीत थेंब टाका, कडेने पाणी सुटलं तर अजून आटवा. बाटल्या उकळून घ्या आणि केचप गरम असतानाच भरा. बेंझोएट नाही म्हटल्यावर फ्रीजमध्येच ठेवायचं.

देवगडची_सून
खूप आभार सगळ्यांचे, हिरवा ठिपका बघून सासूबाई तयार झाल्या. आता विचारतायत की चायनीज करताना आपण जे सॉस घालतो त्यांचं काय?

खाडीकाठचा
सोया सॉस सोयाबीनचा, त्यात मासा नसतो. वूस्टर सॉस मात्र घेताना नक्की बघा, त्याच्या मूळ रेसिपीत आजही अँकोव्ही असतात, शाकाहारी वेगळा मिळतो.