मदत हवी आहे: संस्थेला देण्यासाठी हाताने केलेली भेटकार्डं. कागद, घडी, पाकिटं, सगळंच अडलंय

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

आम्ही डोंबिवलीतल्या एकाच सोसायटीतल्या काही जणी, बहुतेक निवृत्त. यंदा दिवाळीची भेटकार्डं हाताने करून जवळच्या एका संस्थेला द्यायचं ठरवलंय. विशेष मुलांची कार्यशाळा आहे. मुलं म्हणायचं आपलं, सगळी अठराच्या पुढची आहेत. दिवाळीत त्यांचा स्टॉल लागतो: रंगवलेल्या पणत्या, उटणं, कागदी पिशव्या. त्यातच आमची कार्डं ठेवायची आणि येतील ते पैसे त्यांचे, असा बेत. निदान दोनशे कार्डं व्हावीत अशी इच्छा आहे.

अडचणी अशा:

कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगीत कार्डशीट आणली. घडी घातली की घडीवर रंग तडकतो आणि आतला पांढरा कागद दिसतो. फेविकॉलने काही चिकटवलं की दुसऱ्या दिवशी कार्ड भाजलेल्या पापडासारखं वळतं. पाऊस आहे म्हणावं, तर दिवाळीपर्यंत थांबून कसं चालेल?

तयार पाकिटं एकाही कार्डाला नीट बसत नाहीत. एक तर कार्ड आत हिंदकळतं, नाही तर कोपरे दुमडतात.

नक्षीवरून तर रोज चर्चासत्र. वारली, भेंडीचे ठसे, जाळीदार पिंपळपान इथपर्यंत एकमत आहे. एका ताईंना मात्र कुंदन आणि चमकी हवीच आहे. आत मजकूर छापावा की कोरं ठेवावं? आणि एकीने विचारलंय, संस्थेकडून ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीची, पावती मिळेल का?

अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

मीठमिरची

राग मानू नका, पण हल्ली कार्डं पाठवतं कोण? व्हॉट्सअ‍ॅपवर दिवे फिरतात. कागद-रंगांना जेवढा खर्च करणार तेवढे पैसे सरळ संस्थेला द्या, त्यांच्या जास्त उपयोगी पडतील.

गवतीचहा

@मीठमिरची, पैसे देतोच आहोत, ते वेगळे. आणि दुपारी चार ते सहा आम्ही काय करावं, हेही सांगा मग.

जुनाछापखाना

चाळीस वर्षं प्रेसमध्ये गेली, म्हणून कागदाबद्दल बोलतो.

घडी तडकते कारण कागदाची आडवी-उभी बाजू बघितलेली नाही. मशीनवर केलेल्या कागदात तंतू एका दिशेने पडतात, त्याला आम्ही ग्रेन म्हणतो. शीट हातात धरून न मोडता आधी एका बाजूने वाकवा, मग दुसऱ्या. ज्या बाजूने सहज वाकते, घडी त्याच बाजूला घ्यायची. उलट घेतलीत तर २५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) पुढचा कागद तडकणारच. शिवाय घडीपूर्वी क्रीझ मारा, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडा. घरी करायचं तर स्टीलची पट्टी, संपलेली बॉलपेनची रिफिल आणि खाली जुनं मासिक. दाब बेताचा ठेवा, कागद कापला जाता कामा नये. वरून रंग दिलेली आणि आत पांढरी अशी शीट घेऊच नका. आरपार एका रंगाची घ्या, म्हणजे घडी थोडी दुखावली तरी दिसत नाही.

फेविकॉलमध्ये पाणी असतं. कागद एका बाजूने ते पितो, फुगतो आणि सुकताना वळतो. ग्लूस्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. फेविकॉलच हवा असेल तर अगदी पातळ थर द्या आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात टाका, दमट हवेत उघडा नको.

पाकिटांचं म्हणाल तर आधी पाकिटं घ्या, मग कार्ड कापा. सगळे उलट करतात. सोपा मेळ सांगतो: ए५ कागद मधोमध दुमडला की ए६ होतो, म्हणजे १०५ बाय १४८ मिमी. त्याला सी६ पाकीट, ११४ बाय १६२. सुटसुटीत बसतं. मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटला घाऊक मिळेल. कागद तिथेच घेतलात तर कटिंगही करून मागा, कात्रीने दोनशे कापत बसू नका.

हिशेबनीस

८०जीची वजावट पैशाने दिलेल्या देणगीवर मिळते, वस्तूंवर नाही. रोखीने दिलेत तर २००० रुपयांच्या पुढे तीही नाही. आणि नव्या करप्रणालीत असाल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. संस्थेकडून वस्तू मिळाल्याचं पत्र हवं तर घ्या, भिंतीवर लावायला छान.

चमकीवाल्या ताईंसाठी वजनाचा हिशेब. ३०० जीएसएमचं ए५ कार्ड साधारण सव्वानऊ ग्रॅम, पाकीट चारेक ग्रॅम. वीस ग्रॅमपर्यंतच्या पत्राला पाच रुपयांचं तिकीट चालतं, म्हणजे साधं कार्ड आरामात बसतं. कुंदन लावलेत की ते वीसच्या वर जायची भीती, शिवाय टपालात शिक्का बसताना खडे फुटतात आणि पाकीट फाटतं.

शेवंती_७०

लहानपणी घरी मुलांसाठी काम करणाऱ्या 'क्राय' संस्थेची कार्डं यायची, त्यांची आठवण झाली. युनिसेफचं पहिलं कार्डही १९४९ मध्ये एका सात वर्षांच्या चेक मुलीच्या चित्रावरून झालं होतं. चित्र अगदी साधं, मुलं काठीभोवती नाचताहेत. तेव्हा फार कलाकुसर नको. आत कोरं ठेवा गं, घेणारा त्याला हवं ते लिहील. नाही तर दिवाळी सरली की उरलेला गठ्ठा वर्षभर पडून. कोरं कार्ड वाढदिवसालाही खपतं.

पाऊलवाट

मी अशाच एका कार्यशाळेत काही वर्षं काम केलंय, म्हणून जरा वेगळं सांगते. संस्थेतल्या बाईंना विचारलंत का, की त्यांच्याकडे कार्डं बनतात का? बहुतेक ठिकाणी बनतात. मग तुमची सुबक कार्डं त्यांच्या मुलांच्या कार्डांशेजारी ठेवली की गिऱ्हाईक तुमचीच उचलतं, आणि मुलांचं काम मागे राहतं. स्टॉल चालवणाऱ्या बाई तोंडावर नाही म्हणणार नाहीत, आलेली देणगी कोणी परत करत नाही. पण मुलांना कळतं. आपलं कार्ड गेलं की ती बघायला उठून येतात.

आम्हाला खरी गरज असायची ती आधीच्या कामाची. ठसा मारणं, रंगाचा बोळा टिपणं हे बऱ्याच जणांना छान जमतं, त्यात ते रमतात. सरळ रेषेत घडी घालणं मात्र फार थोड्यांना साधतं, आणि घडी तिरकी गेली की सगळं कार्ड वाया. तयार घडीचं कोरं कार्ड आणि मापाचं पाकीट कोणी आणून दिलं असतं, तर आम्ही दुप्पट कार्डं केली असती.

गवतीचहा

@पाऊलवाट, तुमचं वाचून आज फोन केला. बाई आधी "द्या हो, काहीही चालेल" म्हणाल्या. मग खोदून विचारलं तेव्हा उघडल्या. मुलं कार्डं करतातच, पण दरवर्षी घडीपाशी गाडी अडते, आणि पाकिटं न मिळाल्याने अर्धी कार्डं सुटी विकावी लागतात. कापलेली, क्रीझ मारलेली पाचशे कोरी कार्डं आणि तेवढीच पाकिटं मिळाली तर हवी आहेत. ठसे मात्र आम्ही करून द्यावेत: लाकडी ठोकळ्यावर जाड फोम चिकटवून, मागे हाताच्या पकडीला बसेल असा मोठा दांडा. भेंडी दोन दिवसांत मऊ पडते आणि एकजण ती खातो, असंही कळलं.

सोसायटीत थोडी निराशा झाली, खोटं कशाला बोलू. वारलीवाल्या दोघी गप्पच झाल्या. पण बाईंनी त्यांना बुधवारी दुपारी बोलावलंय, मुलांबरोबर बसून ठसा मारायला. त्यामुळे सध्या सलोखा आहे. कुंदनवाल्या ताई ठोकळ्यांचे दांडे सजवणार म्हणतात!

आता प्रश्न उरला पाचशे क्रीझचा. रिफिलने मारायच्या म्हणजे आमची मनगटं गेलीच.

जुनाछापखाना

रिफिल विसरा. लग्नपत्रिका छापणारा कोणताही जुना प्रेस शोधा, जिथे ट्रेडल, म्हणजे जुनं छपाईयंत्र, अजून चालू आहे. क्रीझिंगची पट्टी लावली की पाचशे नग तासाभरात होतात. सामाजिक काम आहे असं सांगा, लग्नसराई नसताना मशीन रिकामंच असतं. एकच सांभाळा: शीट कटिंगला द्यायच्या आधी प्रत्येकीवर पेन्सिलने ग्रेनचा बाण काढा, आणि ए५ कापताना बाण १४८ मिमीच्या बाजूला समांतर येईल असं कटिंगवाल्याला बजावून सांगा. तो त्याच्या सोयीने कापेल, आणि मग परत इथे घडी तडकते म्हणून धागा काढाल.