‘विभक्त मतदारसंघ’ आणि ‘राखीव मतदारसंघ’ : १९३७ची मुंबई प्रांतातील निवडणूक

शंका : १९३७च्या प्रांतिक निवडणुकीविषयी वाचताना ‘विभक्त मतदारसंघ’, ‘स्वतंत्र मतदारसंघ’ आणि ‘राखीव मतदारसंघ’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले आढळतात. तिन्हींचा अर्थ एकच आहे काय?

उत्तर : पहिल्या दोहोंचा एकच आहे, तिसऱ्याचा नाही. घोटाळा विशेषणांपेक्षा ‘मतदारसंघ’ या नामातच अधिक आहे. आज हा शब्द उच्चारताच बारामती किंवा रामटेक असा भूभाग डोळ्यांसमोर येतो. ‘विभक्त मतदारसंघ’ म्हणताना मात्र ‘संघ’ म्हणजे मतदारांचा समूह अभिप्रेत असतो, म्हणजे ‘इलेक्टोरेट’, ‘कॉन्स्टिट्युअन्सी’ नव्हे. विधान परिषदेच्या ‘पदवीधर मतदारसंघा’त हा जुना अर्थ अजून टिकून आहे.

१९३७ साली मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी २९ मुस्लिमांसाठी होत्या आणि तेथे उमेदवारही मुस्लिम, मतदारही मुस्लिमच. हा झाला विभक्त मतदारसंघ. १९३२च्या जातीय निवाड्याने (कोणत्या समाजाला किती व कशा जागा मिळतील हे ठरवणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या निर्णयाने) अस्पृश्य वर्गालाही तो देऊ केला होता, परंतु त्याच वर्षी २४ सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात झालेल्या पुणे कराराने त्याऐवजी संयुक्त मतदारसंघातील, म्हणजे सर्व मतदारांनी मिळून निवडायच्या, राखीव जागा आल्या. मुंबई प्रांताच्या वाट्याला १५. तरीही चारांहून अधिक उमेदवार असल्यास आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी चौघांची निवड करायची आणि मग त्यांतूनच सर्वांनी मत द्यायचे, अशी तरतूद असल्यामुळे या रचनेला नुसते ‘संयुक्त’ म्हणून मोकळे होणे मला अपुरे वाटते.

पुरवणी : ‘राखीव मतदारसंघ’ हा प्रयोग त्या काळापुरता टाळावा, ‘राखीव जागा’ म्हणावे. राखीव असे ती बहुसदस्य मतदारसंघातील एक जागा, सबंध मतदारसंघ नव्हे. भायखळा-परळमधून डॉ. आंबेडकर निवडून आले (त्यांच्याविरुद्ध काँग्रेसतर्फे क्रिकेटपटू पाळवणकर बाळू उभे होते) तोही असाच मतदारसंघ होता. अशा मतदारसंघात मतदाराला एकाहून अधिक मते असत आणि मुंबई प्रांतात ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. द्विसदस्य मतदारसंघ १९६१च्या कायद्याने रद्द झाले, तेव्हापासूनच ‘राखीव मतदारसंघ’ हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. ‘राखीव जागा’ही पुणे करारापेक्षा जुन्या आहेत : १९१९च्या (माँटेग्यू-चेम्सफर्ड) राज्यकारभार सुधारणांखाली मुंबई कायदे कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या प्रांतिक विधिमंडळात, मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा संयुक्त मतदारसंघांतच राखून ठेवल्या होत्या.