डेटिंग ॲपवर चेहरा दाखवूनही ओळख कशी जपावी?

प्रश्न: प्रोफाइलवर फोटो हवाच आहे, पण त्यावरून माझं इन्स्टाग्राम किंवा ऑफिस कुणाला सापडू नये. काय करू?

उत्तर १: इतरत्र कुठेही न टाकलेला फोटो वापरा. नाहीतर गूगल लेन्समधून (फोटोवरून शोध घेणारी सोय) मूळ खातं सापडू शकतं. गळ्यातलं ओळखपत्र, मागची पाटीही कापा.

उत्तर २: चॅटवर मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवू नका, त्यात फोटो कुठे काढला ते सांगणारे जीपीएसचे आकडे तसेच राहू शकतात. स्क्रीनशॉट काढून पाठवा.

उत्तर ३: तुम्ही किती दूर आहात हे ॲपवर दाखवणं आधी बंद करा, याकडे फार दुर्लक्ष होतं! कुणी ३ ठिकाणांहून तुमचं अंतर पाहून नकाशावर तेवढ्या त्रिज्येची ३ वर्तुळं काढली, की ती छेदतात तिथे तुम्ही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रिसाइज लोकेशन’ही (अचूक ठिकाण) बंद ठेवा.