मदत हवी आहे: प्रकल्पाच्या गुणांकनासाठी रुब्रिक (निकष, त्यांचे स्तर आणि गुण यांचा तक्ता) कसे तयार करावे?

नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला मराठी शिकवते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सातवीला आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे सत्रभर तोंडी काम, प्रकल्प अशा साधनांनी होणाऱ्या मूल्यमापनाचा, भारांश 40 टक्के असल्यामुळे प्रकल्पाचे गुण मुलांच्या श्रेणीत चांगलेच उतरतात, आणि म्हणूनच खालील प्रसंगाने मी अस्वस्थ आहे.

या सत्रात मुलांना घरातल्या किंवा शेजारच्या वयस्क बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सांगितल्या होत्या. गुणांकनासाठी मी 20 गुणांचे रुब्रिक केले, ज्यात माहितीचे संकलन, भाषाशुद्धता, मांडणी व सजावट आणि वेळेत सादरीकरण या चार निकषांना प्रत्येकी 5 गुण होते. एका मुलीने आजीकडून चौदा ओव्या उतरवून आणल्या आणि प्रत्येक ओवीखाली ती केव्हा म्हणत असत तेही लिहिले. आजी जसे म्हणाली तसेच तिने लिहिल्यामुळे वहीत ‘पानी’, ‘दळन’ असे शब्द होते. मी त्यांना लाल वर्तुळे केली आणि भाषाशुद्धतेत 1 गुण दिला. तिची बेरीज 11 झाली. दुसऱ्या मुलाने इंटरनेटवरच्या ओव्या रंगीत कागदावर सुबक अक्षरात उतरवल्या, भोवती नक्षी काढली, आणि त्याला 17 गुण मिळाले. बेरजेत चूक नव्हती, पण दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर मला वाईट वाटले. शिवाय रंगीत कागद आणि चमकीची पेने कोणाच्या घरी असतात, हेही आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी अडचण स्तरांची आहे. ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘साधारण’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे माझ्या सहकारी बाईंनी त्याच वह्या तपासल्या तेव्हा काही ठिकाणी आमच्यात पाच गुणांपर्यंत फरक पडला. स्तरांची वर्णने नेमकी कशी लिहावीत? बोलीत सांगितलेली सामग्री असेल तेव्हा भाषाशुद्धतेचे काय करावे? आणि रुब्रिक मुलांना आधीच दाखवले तर ती तेवढ्यापुरतेच काम करतील का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

ताई, तुमच्या रुब्रिकमध्ये चारपैकी दोन निकष कामाच्या बाह्यरूपाचे आहेत आणि ओव्या गोळा करण्यातून मूल जे शिकणार होते, त्याला जेमतेम पाच गुण आहेत. आधी एका वाक्यात लिहून पाहा की या प्रकल्पातून मुलाला काय यायला हवे. त्या वाक्यात न बसणारा निकष काढून टाका. सजावट आपोआपच गळून जाईल. वेळेची नोंद वर्णनात्मक नोंदीत करा, गुणांत नको. संकलनाला 8, ओवीचा अर्थ व प्रसंग समजून घेण्याला 8 आणि मुलाच्या स्वतःच्या लेखनाला 4 असे गुण मी देईन.

भाषाशुद्धता फक्त मुलाने स्वतः लिहिलेल्या प्रस्तावनेत आणि टिपांत पाहावी. ओवी जशी ऐकली तशी उतरवणे हेच तिथे अचूक लेखन आहे.

स्तरांची वर्णने कोऱ्या कागदावर सुचत नाहीत. पाच-सहा वह्या समोर घ्या, त्यांचे तीन गठ्ठे करा आणि पहिल्या गठ्ठ्यात असे काय दिसते जे दुसऱ्यात नाही, ते लिहा: ‘सांगणाऱ्या व्यक्तीचे नाते व गाव दिले आहे, प्रत्येक ओवीचा प्रसंग दिला आहे’. डोळ्यांना दिसणारी गोष्ट लिहिली की दोघींचे गुण जवळ येतात. मग त्याच पाच वह्या दोघींनी स्वतंत्रपणे तपासा आणि जिथे दोनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडेल, तिथले वाक्य बदला.

मुलांना रुब्रिक जरूर आधी दाखवा. निकष पोकळ असतील तरच मुले तेवढ्यापुरते काम करतात. ‘प्रत्येक ओवीचा प्रसंग विचारून लिहा’ असे असेल, तर तेवढ्यापुरते करण्यासाठीसुद्धा आजीजवळ बसावेच लागते.

त्या मुलीच्या वहीचे गुण अजून नोंदवहीत चढले नसतील, तर नव्या निकषांनी ती पुन्हा तपासा आणि लाल वर्तुळे चुकून झाली होती, हे तिला स्वतः सांगा.